कापड कापायचं दुमडतं टेबल: कोपराच्या मापानं निवडा, घरीच जोडा

आमच्या यवतमाळकडच्या गावांत शिलाई मशीन आता बऱ्याच घरांत आहे. कुणाची माहेरून आलेली, कुणी बचत गटाच्या कर्जातून घेतलेली. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. पहिल्या वर्षपूर्तीचा मोठा कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्यालाच झाला, तेव्हा आमच्या भागात या योजनेची चांगलीच चर्चा झाली. मशीनचा विचार सगळे करतात. कटिंग मात्र अजून सपरीत चटई टाकून, उकिडवं बसून चाललेलं असतं.

मी स्वतः नऊ वर्षं तसंच केलं. गणवेशाचं काम आलं की दिवसाला दहा-पंधरा जोड कापायचे, आणि संध्याकाळी उठताना भिंतीला हात लावल्याशिवाय गुडघे सरळ होत नसत. त्याहून वाईट म्हणजे माप चुकायचं. सारवलेली जमीन कितीही नीट केली तरी कुठे उंच, कुठे खोल राहते. त्यावर दुहेरी कापड टाकलं की खालचा पदर सरकतो आणि सलवारीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच आखूड निघतो. गिऱ्हाईक बोलत नाही, पण पुढच्या वेळी दुसरीकडे जातं.

जागा कमी असलेल्या घरात उपाय एकच, दुमडून ठेवता येईल असं टेबल. ते कसं निवडायचं आणि कसं जोडायचं, ते इथे सांगते. मापं मी इंचात देते, कारण आपली टेप आणि गावातला वाढई, म्हणजे सुतार, दोघंही इंच-सुतातच बोलतात. एका इंचाचे आठ सूत.

आधी स्वतःची उंची मोजा

टेबल घेताना सगळ्या जणी लांबी-रुंदी विचारतात. उंची कुणी विचारत नाही, आणि कंबर तिथेच जाते.

अनवाणी उभ्या राहा, कारण घरात आपण अनवाणीच काम करतो. खांदे सैल सोडा, कोपर अंगाजवळ ठेवून हात काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपराच्या हाडापर्यंत दुसऱ्या कुणाला टेप धरायला सांगा. आलेल्या मापातून ४ इंच वजा केले की तुमच्या कटिंग टेबलाची उंची निघते. पाच फूट उंचीच्या बाईची ही उंची ३४ इंचांच्या आसपास येते, सव्वापाच फुटांच्या बाईची साधारण साडेपस्तीस. एक-दीड इंच इकडेतिकडे चालतं, पाच इंच चालत नाही.

बाजारात तयार मिळणारी दुमडती टेबलं बहुतेक २९-३० इंचांची असतात. ती उंची खुर्चीवर बसून जेवायची किंवा लिहायची. माझं पहिलं टेबल तसलंच होतं. शहरातल्या एका दुकानातून आणलं, दिसायला छान, वजनाला हलकं. चाळीस गणवेश कापले आणि दोन दिवस पाठ धरली. तेव्हा वाटलं आपलं वय झालं. टेबल पाच इंच ठेंगणं आहे, हे फार उशिरा लक्षात आलं.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. मशीन चालवायची उंची २८ ते ३० इंच आणि कापायची ३४-३५, म्हणजे एकाच टेबलावर दोन्ही कामं होत नाहीत. दुकानदार 'ऑल-इन-वन' म्हणून काहीही दाखवेल. मशीन तिच्या स्टँडवरच राहू द्या. दुमडत्या टेबलाच्या पाखांवर, म्हणजे बिजागरीवर खाली दुमडणाऱ्या फळ्यांवर, तर मशीन कधीच ठेवू नका, तिच्या हादऱ्यानं बिजागरीचे स्क्रू महिन्याभरात सैल होतात.

बचत गटात सहा जणी एकाच टेबलावर कापणार असतील तर सगळ्यांत ठेंगण्या बाईच्या मापानं टेबल करा. उंच बाईसाठी पायांखाली लाकडी ठोकळे ठेवता येतात. टेबल कापून ठेंगणं करणं कुणाच्यानं होत नाही.

लांबी-रुंदी कापडावरून ठरते

आपल्याकडे येणारं कापड तीन पन्ह्यांचं असतं: ३६, ४४ आणि ५८ ते ६० इंच. नागपूरच्या गांधीबागेतून आणलेल्या थानाची दुहेरी घडी घातली की मोठ्यात मोठा पन्हा २९-३० इंच होतो. म्हणून ३० इंच रुंदी पुरते. त्याहून रुंद टेबलाच्या पलीकडच्या काठापर्यंत हात पोचत नाही, मग पुन्हा वाकणं आलंच. लांबी ६० इंच असली की कुर्ता, सलवार, परकर, लहान मुलीचा फ्रॉक असं सगळं आरामात कापता येतं. साडेपाच मीटरची साडी कुठल्याच टेबलावर मावत नाही. फॉल लावताना ती सरकवत न्यावी लागते. त्यासाठी मोठं टेबल करण्यात अर्थ नाही. ज्यांचं काम ब्लाउज आणि फॉल-पिकोपुरतंच आहे, त्यांना ४८ बाय २४ सुद्धा पुष्कळ.

तयार घ्यावं की करून घ्यावं

पांढऱ्या प्लास्टिकचं, मधोमध सुटकेससारखं दुमडणारं टेबल सगळीकडे मिळतं. हलकं असतं, पाण्यानं फुगत नाही, वाळवी लागत नाही. उणिवा दोन: ठेंगणं असतं, आणि जोर देऊन कापताना मध्यावर दबतं. तुमच्याकडे ते असेलच तर फेकू नका. बाभळीच्या किंवा सागाच्या ओंडक्याचे ठोकळे करून घ्या. पाय अलग असतील तर ठोकळ्यात पायाच्या जाडीचं, दीड इंच खोल भोक पाडा. पाय खालून आडव्या नळीनं जोडलेले असतील तर नळी बसेल अशी खाच मारा. ठोकळा साडेसहा इंचांचा घेतला तर दीड इंच पाय आत जातो आणि टेबल नेमकं पाच इंच वर येतं. वर १२ मिमी प्लायचा तुकडा टाकला की दबणंही कमी होतं.

खोक्यात सुटे भाग येतात ते टेबल घेणार असाल तर आधी फळी कशाची आहे ते विचारा. भुशाच्या दाबलेल्या फळीत स्क्रू एकदाच धरतो. पाणी लागलं की ती शेवयांच्या गठ्ठ्यासारखी फुगते आणि मग पूर्ववत होत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीही ओल धरतात, म्हणून मी अशी फळी गावात घ्यायला सांगत नाही. आधीच घेतली असेल तर जोडताना ड्रिल मशीन वापरू नका, हातानं पिळा. गोल लॉकवरचा बाण आधी स्क्रूच्या भोकाकडे वळवा, मग लॉक अर्धा फेरा फिरवा. अडलं तर जोर लावू नका, काढून पुन्हा बसवा. भोक सैल झालं असेल तर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या दोन-तीन आगकाड्या आत घालून एक दिवस वाळू द्या आणि मग स्क्रू लावा.

माझा सल्ला मात्र गावातल्या वाढयाकडून करून घेण्याचा, किंवा घरात कुणाला करवत-पेचकस चालवता येत असेल तर घरीच जोडण्याचा. मधे अरुंद कपाटासारखा सांगाडा, दोन्ही बाजूंना बिजागरीवरची पाखं, आणि पाखं तोलून धरायला दारासारखी फिरणारी दोन फाटकं, असं हे टेबल असतं. उघडलं की ६० बाय ३०. दुमडलं की १४ बाय ३० एवढ्या जागेत भिंतीला लागून उभं राहतं. खाली दोन फळ्या मिळतात, त्यावर अस्तराचे गठ्ठे, फर्मे आणि दोऱ्यांचा डबा बसतो.

सामान

प्लाय १८ मिमी जाडीचा, ६ बाय ४ फुटांची एक शीट. एका शीटमध्ये सगळं निघतं. शीट घेताना कड बघा: थरांमध्ये फटी दिसल्या की ती बाजूला ठेवा. एका टोकाशी डोळा लावून लांबीवर बघितलं की बाक कळतो. बोटाच्या पेरानं ठोकत जा, आवाज मधेच पोकळ आला तर आत थर सुटलेला असतो. आयएसआय खुणेखाली आयएस ३०३ असेल तर त्यात साधा आणि पाणी सोसणारा, असे दोन्ही प्रकार येतात, म्हणून 'बीडब्ल्यूआर' लिहिलंय का ते वाचा. आयएस ७१० म्हणजे मरीन, तो महाग पडतो आणि या कामाला त्याची गरज नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुग्याची दाबलेली फळी, नकोच.

लाकडाच्या २ बाय १ इंची पट्ट्या सुमारे ३५ फूट लागतील. पायांसाठी २ बाय २ इंचाचे, १४ इंच लांबीचे दोन तुकडे घ्या. आलापल्ली-बल्लारशाहच्या सागवानाचं नाव देशभर आहे, पण या कामाला नवीन साग कशाला? जुन्या घराच्या खिडक्या-चौकटी निघालेल्या असतात, त्यातला साग वाळून पक्का झालेला असतो. फक्त गाभ्याचं गडद लाकूड निवडा. कडेच्या फिकट लाकडाला उधई लागते, साग असला तरी लागते.

बाकी: ३० इंची पियानो बिजागरी, म्हणजे पट्टीसारखी सलग लांब बिजागरी, दोन (लांब मिळाली तर दुकानातच कापून घ्या), फाटकांसाठी ३ इंची बिजागऱ्या सहा, दीड इंची आणि पाऊण इंचाहून आखूड म्हणजे १६ मिमीचे स्क्रू, फेविकॉल, रबरी बूट सहा, एक कडी. हत्यारांत करवत, रंधा, पटाशी, गुण्या, पाणसळ, ड्रिल किंवा गिरमिट, पेचकस, आणि स्टीलची टेप. कापडी टेप ताणली जाते, लाकडासाठी ती नको.

प्लायचे तुकडे

दुकानात कापायचं मशीन असेल तर तिथूनच कापून आणा. काटकोन चांगला येतो आणि बसमधून आणायला सोपं पडतं. खालची मापं ३५ इंच उंचीच्या टेबलाची आहेत.

आधी शीट आडवी कापून ४८ बाय ३० चा तुकडा काढा, त्याचे मधोमध दोन भाग केले की २४ बाय ३० ची दोन पाखं झाली. करवतीच्या पात्यात प्रत्येक कापाला साधारण एक सूत जातं, तेवढा फरक धरून चाला. मग ४८ बाय सव्वाबत्तीसचा तुकडा काढा. त्यातून ९ इंच रुंदीच्या दोन उभ्या बाजू, १२ इंचांचा मधला माथा (लांबी ३० करून घ्या), आणि उरलेल्यातून साडेआठ इंच रुंद, साडेपंचवीस इंच लांब अशा दोन फळ्या निघतात. शेवटच्या उरलेल्या पट्टीतून ७ बाय साडेपंचवीसची एक पाटी काढा, ती आत उभी लागेल.

तुमची उंची वेगळी असेल तर फक्त उभ्या बाजूंचं माप बदलतं: टेबलाच्या उंचीतून पावणेतीन इंच वजा करा. त्यातला पाऊण इंच माथ्याचा, दोन इंच पायाचे. उंची एका इंचानं घटली-वाढली की फाटकाचा पायही तेवढाच घटवा-वाढवा.

सनमायका लावणार असाल तर तो आत्ता, बिजागऱ्यांच्या आधी लावा, आणि माथ्याला व पाखांना दोन्ही बाजूंनी लावा. एकाच बाजूला लावला तर टिनाखालच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात फळी धनुष्यासारखी वाकते. खालच्या बाजूला स्वस्तातला चालेल. वरचा फिकट रंगाचा आणि मॅट घ्या. चकचकीत सनमायक्यावर साटीन, जॉर्जेट थांबत नाही.

पहिला दिवस: सांगाडा

उभ्या बाजूंच्या आतल्या अंगाला, वरच्या कडेशी, फळ्यांच्या जागी आणि पाटीच्या जागी लाकडी पट्ट्या ठोकून घ्या. प्लायच्या कडेत स्क्रू मारायचा मोह होतो, पण तिथे थर उकलतात आणि स्क्रू सुटतो. म्हणून प्लायच्या अंगातच स्क्रू मारायचा आणि कडेला पट्टीचा आधार द्यायचा. दीड इंची स्क्रू एक इंच पट्टीतून जाऊन अर्धा इंच प्लायमध्ये शिरतो, पलीकडे निघत नाही. आधी बारीक भोक पाडा. किती खोल जायचं त्या मापावर ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून ठेवली की जास्त खोल जात नाही.

दोन पट्ट्या आणखी लागतात, त्या विसरू नका. फाटक ज्या कडेला लटकणार, तिथे उभ्या बाजूच्या आतून, कडेशी समपातळीत एक-एक पट्टी लावा, म्हणजे बिजागरीला पावणेदोन इंच रुंद जागा मिळते. एका फाटकाची जागा डाव्या टोकाला पुढून, दुसऱ्याची उजव्या टोकाला मागून ठेवा. दोन्ही फाटकं एकाच टोकाला लावली तर टेबल तिकडे ओढतं.

आता दोन्ही बाजू उभ्या करून मधे फळ्या आणि ती ७ इंची पाटी बसवा. पाटी माथ्याच्या लगेच खाली, मधोमध उभी. ती नसेल तर टेबल लांबीच्या दिशेनं पत्त्याच्या घरासारखं डोलतं. खाली १४ इंची पाय आडवे लावा. ते दोन्हीकडे अडीच-अडीच इंच बाहेर येतात, त्यामुळे दुमडलेलं टेबल लहान मुलाच्या धक्क्यानं पडत नाही, आणि पोछ्याचं पाणी प्लायपर्यंत पोचत नाही.

सगळे स्क्रू आधी अर्धेच पिळायचे. आमच्या वाढयाचं एक वाक्य मी प्रत्येक मुलीला सांगते: "पयले कर्ण पाहा, मंग पेच आवया. टेबल हाललं त कापड हालते, अन् कापड हाललं त माप गेलं." सांगाड्याच्या एका वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा, मग उलट बाजूनं धरा. दोन्ही मापं सारखी आली की काटकोन बरोबर. फरक असेल तर लांब भरणाऱ्या कोपऱ्यांवर दोन्हीकडून दाब द्या आणि पुन्हा मोजा. एका सुताच्या आत आलं की सांध्यांत फेविकॉल भरून सगळे स्क्रू पक्के करा. त्या दिवशी तेवढंच. फेविकॉलला चोवीस तास द्या, घाईनं हलवलेला सांधा पुन्हा धरत नाही.

दुसरा दिवस: पाखं आणि बिजागरी

या कामात सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

जमिनीवर गोधडी अंथरून माथा आणि दोन्ही पाखं पालथी ठेवा, वरची बाजू खाली. मधे माथा, दोन्हीकडे पाखं, ३० इंची कडा एकमेकींना लागून. बिजागरी नीट बघा: पाती सपाट उघडली की तिचा गोळा एका बाजूला वर येतो. तो गोळा लाकडाच्या बाजूला, दोन फळ्यांच्या शिवणीत जायला हवा. स्क्रूच्या डोक्याची बाजू तुमच्याकडे. अशी लावली तरच पाख खाली लटकतं. उलटी लावली तर पाख वर उघडतं आणि सगळं काढून पुन्हा करावं लागतं.

गोळा शिवणीत बसायचा तर जागा हवी. नुसतीच फट ठेवली तर वरून ५-६ मिमीची भेग राहते आणि चॉक, टाचणी, कात्रीचं टोक त्यात अडकतं. म्हणून चारही कडांच्या खालच्या, म्हणजे आत्ता वर दिसणाऱ्या, काठावर रंध्यानं ३ मिमीचा तिरका काप घ्या. दोन काप मिळून इंग्रजी व्ही-सारखी खाच तयार होते, गोळा त्यात बसतो आणि वरून शिवण नखाएवढी राहते. फट सगळीकडे सारखी यावी म्हणून जोडताना मधे पोस्टकार्डाचे तुकडे ठेवा.

बिजागरीला दोन टोकांचे आणि मधला असे तीनच स्क्रू आधी लावा. पाख उचलून पाहा, कुरकुर न करता फिरलं तर बाकीचे लावा. इथे १६ मिमीचेच स्क्रू हवेत. दुकानात 'थोडा मोठा घ्या, पक्का बसेल' म्हणतात, पण तो १८ मिमीतून वर डोकावला की पुढच्या आयुष्यभर कापड ओरबाडतो.

आता सांगाडा उलटा करून माथ्यावर ठेवा. लांबीकडून दोन्ही टोकांना दीड-दीड इंच आणि रुंदीकडून दोन्हीकडे दीड-दीड इंच माथा बाहेर राहायला हवा. पेन्सिलीनं आखा, पट्ट्यांतून स्क्रू मारा.

फाटकं

प्रत्येक फाटक २० इंच रुंद. बाहेरचा पाय रबरी बुटासकट ३४ इंच, बिजागरीकडचा खांब तीन इंचांनी आखूड, म्हणजे तो खालच्या आडव्या पायाला घासत नाही. वर-खाली दोन आडव्या पट्ट्या, त्या खांबात अर्धी-अर्धी खाच मारून बसवायच्या, आणि मधे एक तिरकी पट्टी. ही तिरकी पट्टी बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यातून बाहेरच्या वरच्या कोपऱ्याकडे जायला हवी, मग भार खांबावर येतो. उलट दिशेनं लावली तर फाटक लोंबतं. सुतारकामाचा कंटाळा असेल तर हेच फाटक तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून १ इंची चौकोनी पाइपात, १६ गेजमध्ये करून घ्या. तो किलोवर पैसे घेतो. वजन थोडं वाढतं, पण सांधा कधीच सैल होत नाही.

प्रत्येक फाटकाला तीन बिजागऱ्या लावा. बंद केल्यावर फाटक सांगाड्याला चिकटून बसलं पाहिजे आणि लटकत्या पाखापासून अर्धा इंच मोकळं राहिलं पाहिजे.

आता उघडण्याचा कोन. फाटक टोकाला लावलेलं आहे, त्यामुळे पूर्ण काटकोनात उघडलं तर पाखाच्या एका कडेखालीच आधार मिळतो. ते तिरकं थांबवा, बाहेरचा पाय पाखाच्या रुंदीच्या मधोमध येईल असं. तेव्हा तो माथ्याच्या काठापासून १३ इंचांच्या आसपास बाहेर आलेला असतो. त्या जागी पाखाच्या खाली दोन छोटे ठोकळे, मधे पट्टी अडकेल एवढी जागा सोडून लावा. फाटक आणि पाख यांत दोन सुतांची फट असते, तिथे एक उतरती पाचर चिकटवा. फाटक सरकत आलं की पाचरीवर चढून घट्ट बसतं आणि पाख माथ्याशी पातळीत येतं. पाचर रंध्यानं थोडी-थोडी घासत पातळी आणा. पाणसळ नसेल तर गोटी ठेवा, शिवणीवरून ती कुठे धावते ते बघा.

टेबल सरळ करायला दोघी लागतात. नुसता प्लायच वीस-पंचवीस किलोच्या घरात जातो, वर लाकूड आणि लोखंड वेगळं. पाखं धरून उचलू नका, सांगाडा धरा.

जमीन वाकडी असेल तर

फरशी असलेल्या घरात हे प्रकरण सोपं. सारवलेल्या किंवा कोब्याच्या जमिनीवर मात्र सहा टेके एका पातळीत येणं कठीण. मी टेबलाची जागा एकदाच पक्की केली. त्या जागी उजेड डाव्या खिडकीतून येतो, म्हणजे उजव्या हाताची सावली कापावर पडत नाही. पायांखाली शहाबादी फरशीचे तळहाताएवढे तुकडे रुतवून पाणसळीनं एका पातळीत बसवले. फाटकाच्या पायाच्या जागीही एकेक तुकडा आहे. सारवताना त्यांच्या भोवतीनं सारवायचं. चाकं लावायचा विचार असेल तर गुळगुळीत फरशीवरच, आणि लॉकवालीच.

उधईसाठी पायांना जळकं ऑइल लावायची गावाकडे सवय आहे. या टेबलाला ते लावू नका. हाताला लागतं, हातावरून कापडाला लागतं, आणि लग्नाच्या ब्लाउजवरचा तो डाग कशानं जात नाही. प्रायमरचे दोन हात पायांना आणि प्लायच्या सगळ्या उघड्या कडांना द्या. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा आणि महिन्यातून एकदा मागे झाडू फिरवा, मातीची नळी दिसली की लगेच कळतं.

कापायला घेण्याआधी

दोन्ही पाखं उघडा आणि प्रत्येकाच्या बाहेरच्या काठावर दहा किलो तुरीची पिशवी रात्रभर ठेवा. सकाळी पाख खाली आलेलं दिसलं तर पाचर बदला. मग माथ्याला कमरेनं हलका धक्का द्या. डोललं तर पाटीचे स्क्रू बघा, बहुतेक दोष तिथेच सापडतो.

स्टीलच्या टेपनं लांब काठावर एक-एक इंचाच्या खुणा करून त्यावर ऑइलपेंटच्या बारीक रेघा मारा. दर सहा इंचांची रेघ लांब आणि लाल. या रेघांनी माझा निम्मा वेळ वाचवला. अस्तर मोजायला टेप शोधावी लागत नाही, आणि आडव्या दोऱ्याची धार रेघेशी जुळवली की कापड तिरकं जात नाही.

सनमायक्यावर थेट इस्त्री फिरवू नका, खालचा गोंद सुटून फुगे येतात. उरलेल्या प्लायचा एखादा तुकडा जुन्या सुती ब्लँकेटनं आणि वर मांजरपाटानं गुंडाळून ठेवा. इस्त्रीच्या वेळी तो टेबलावर टाकायचा. घसरतं कापड कापतानाही तोच खाली घ्या.

मुलं असलेल्या घरात पाख खाली सोडलं की कडी लावाच. फाटक मिटताना बोटं चेमटतात, ती नेहमी बिजागरीच्या बाजूला, म्हणून मुलांना तिकडून दूर ठेवा.

पहिल्या पंधरा दिवसांनी सगळे स्क्रू एकदा पिळून घ्या, लाकूड थोडं बसतं. मृगाचा पाऊस पडून गेला की फाटक जरा जड सरकेल. ओलीनं पट्टी फुगलेली असते. लगेच रंधा घेऊ नका, आठ-दहा दिवस वाट बघा. तरी अडत असेल तर पाचर एक सूत घासा, फाटकाला हात लावू नका. दिवाळीत हवा कोरडी झाली की ते पुन्हा सैल पडतं, तेव्हा पाचरीवर पोस्टकार्डाचा एक तुकडा चिकटवला की झालं.